गाठीतलं बिऱ्हाड

टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्या गाठी करणाऱ्या सूत्रकृमींवर काम करणारे संशोधक मात्र त्याच गाठींची महिनाभर वाट पाहतात. आपल्याकडच्या डाळिंबबागांना आणि भाजीपाल्याच्या पॉलिहाऊसना छळणाऱ्या या कृमीवर औषध किंवा नवं वाण पारखायचं, तर हजारो कृमी हाताशी लागतात. आणि हा प्राणी असा हट्टी, की जिवंत मुळाशिवाय कशालाच तोंड लावत नाही! म्हणून त्याच्यासाठी आधी टोमॅटो जोपासायचा: वाफेनं निर्जंतुक केलेली वाळूमिश्रित माती, पुसा रुबीसारखं सहज बळी पडणारं वाण, 25 ते 28 अंश तापमान.

सुरुवात एकाच मादीच्या चिकट अंडीपुंजापासून करतात. त्यात काही शे अंडी असतात. 'मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा' या जातीत मादीला नर लागतच नाही, त्यामुळे पुढची सगळी प्रजा एकाच आईची.

खरी नवलाई मुळाच्या आत घडते. अर्ध्या मिलिमीटरचं पिल्लू मुळाच्या टोकाजवळून शिरतं, पेशींच्या मधून वाट काढतं आणि तोंडातली पोकळ सुई मोजक्या पेशींत खुपसून लाळ सोडतं. त्या पेशींतलं केंद्रक पुन्हापुन्हा विभागतं, पेशी मात्र दुभंगत नाही. ती नुसती फुगत जाते आणि रोप आपलं अन्न तिथे ओतत राहतं. मादी मग हालचालच सोडते आणि नासपतीसारखी गरगरीत होते. पण मुळात गर्दी होऊन अन्न तुटलं, तर बरीच पिल्लं नर होतात आणि मूळ सोडून निघून जातात. म्हणून सुरुवातीला अंडी बेतानंच घालायची. रोप आजारी पडायला हवं, मरता कामा नये.

मुळांवरची अंडी काढायची रीत हसी आणि बार्कर यांनी 1973 मध्ये दिली. धुतलेल्या मुळांचे तुकडे 0.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये जास्तीत जास्त चार मिनिटं जोरानं हलवायचे. चिकट आवरण विरघळतं, अंड्याचं कवच टिकतं. अंडी बारीक चाळणीवर धरून लगेच भरपूर पाण्यानं धुवायची. इथे रेंगाळलं तर तीही मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली काही अंड्यांत घडी पडलेलं पिल्लू वळवळताना दिसतं. पहिली कात त्यानं अंड्यातच टाकलेली असते.

मग एका मिलिलिटरमध्ये किती अंडी आहेत ते मोजून प्रयोगाच्या प्रत्येक कुंडीला सारखीच मात्रा द्यायची, तेव्हाच दोन वाणांची तुलना खरी ठरते. उरलेली अंडी ताज्या रोपांच्या मुळाशी घालायची.