शेवटचं कुलूप कोणाचं?

फायनल इयरला स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट मिळाला की मुलं पेढे वाटतात. आम्हीही वाटले. कासारवाडीत नाशिक फाट्याजवळ एका शेडमध्ये पॉवर प्रेस आहेत. त्यातल्या एका प्रेसवर व्हायब्रेशन सेन्सर बसवायचा, त्याची रीडिंग्ज वायरलेसवरून कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर घ्यायची आणि डाय झिजायला लागली की ते आधीच ओळखायचं, असा विषय. पीसीवर लिनक्स, त्याला एक स्वस्तातलं यूएसबी वाय-फाय डोंगल आणि डोंगलसोबत आलेल्या सीडीतला ड्रायव्हर. सोर्स कोडसकट होता, हे नशीब.

प्रेस ठोकायला लागली की टेबल हलतं. टेबल हललं की डोंगल सैल होतं, क्षणभर सुटतं आणि परत लागतं. एका शिफ्टमध्ये असं कितीतरी वेळा व्हायचं. तेवढ्यापुरतं दोन-चार रीडिंग्ज चुकायची, बाकी काही नाही. पण चार-पाच दिवसांनी पीसी रांगायला लागायचा. मेमरी संपलेली असायची. रीस्टार्ट केला की पुन्हा ताजातवाना. म्हणजे डोंगल सुटताना ड्रायव्हर काहीतरी मेमरीत विसरून जात होता.

काय विसरत होता ते सांगण्याआधी शेडमधली एक गोष्ट सांगतो. डाय बदलताना तिथे मेन स्विच बंद करून त्याच्या दांडीत एक लोखंडी हॅस्प अडकवतात. त्याला सहा भोकं असतात. प्रेसमध्ये हात घालणारा प्रत्येक माणूस त्यातल्या एका भोकात स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. काम झालं की आपलं कुलूप काढतो. एक जरी कुलूप शिल्लक असलं तरी स्विच वर जात नाही. शेवटचा कोण, हे आधी ठरवावं लागत नाही. जो शेवटी काढेल तो शेवटचा.

रेफरन्स काउंटिंग म्हणजे हेच. ही कल्पना जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली याद्यांची मेमरी परत मिळवण्यासाठी मांडली. ड्रायव्हर प्रत्येक डोंगलसाठी मेमरीत एक स्ट्रक्चर तयार करतो. त्यात बफर, टायमर, सगळा संसार. कोडचा जो भाग ते वापरणार तो आकडा एकने वाढवतो (‘गेट’), वापर संपला की एकने कमी करतो (‘पुट’). आकडा शून्य झाला की मेमरी कर्नलला परत. पुट राहिला तर मेमरी कधीच सुटत नाही. गेटपेक्षा पुट जास्त झाले तर कोणीतरी वापरत असतानाच सुटते.

आमच्या ड्रायव्हरमध्ये घोळ स्कॅनमध्ये होता. सिग्नल कमी झाला की ड्रायव्हर स्कॅनचं काम कर्नलच्या रांगेत टाकायचा आणि त्या कामाच्या नावाने एक कुलूप लावायचा. काम संपताना तेच काम कुलूप काढायचं. पण काम रांगेतच उभं असताना डोंगल सुटलं तर ड्रायव्हर ते काम रद्द करायचा. रद्द झालेलं काम चालतच नाही. ज्याने कुलूप काढायचं तो ड्यूटीवर आलाच नाही. कुलूप तसंच लटकत.

हे सापडायला मला पाच रात्री लागल्या. कर्नलचं ‘के-मेमलीक’ लीक झालेली मेमरी कोणी मागितली ते सांगतं, कोणी सोडली नाही ते सांगत नाही. सापडल्यावर मात्र मी दोन मिनिटांत दुरुस्ती केली: डोंगल सुटलं की काम रद्द करा आणि एक पुट करा. एक ओळ! स्कॅन सुरू करून डोंगल पन्नास वेळा उपटलं, मेमरी जागच्या जागी. रूममेटला उठवून दाखवलं. वडापावची पार्टी झाली.

तिसऱ्या रात्री शेडमधला पीसी गोठला. आणि त्याच रात्री डाय तडकली. ज्या रीडिंग्जसाठी अख्खा प्रोजेक्ट होता ती नेमकी रीडिंग्ज गेली. (ती मेमरीत साठवून सकाळी फाईलमध्ये लिहायची, ही अक्कलसुद्धा माझीच.) पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

प्रेसवरच्या काकांना मी कुलपांच्या भाषेत समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे तू रोज जाताना एक कुलूप तोडून जात होतास. लावलेलं कोणाचं, ते न बघता?” प्रेस शॉपमध्ये हा प्रश्न कोणी हसत विचारत नाही.

अगदी तसंच झालं होतं. मी चाचणी फक्त स्कॅन रांगेत असतानाच घेतली. स्कॅन आधीच संपलेला असेल तर त्याने स्वतःचं कुलूप काढलेलं असतं; वर माझी ओळ आणखी एक काढायची, म्हणजे ड्रायव्हरचं स्वतःचं. मेमरी सुटायची आणि ड्रायव्हर नंतर त्याच सुटलेल्या जागेतला आकडा पुन्हा एकने कमी करायचा. ती जागा अजून रिकामी असेल तर काहीच दिसत नाही. तिथे दुसरं कोणी राहायला आलं असेल तर त्याच्या सामानात आपण हात घालतो. लीकने पाच दिवसांनी पीसी हळू व्हायचा, निदान रीस्टार्टने भागायचं. माझ्या दुरुस्तीने तो कधीही, कुठेही मरू शकत होता.

खरी दुरुस्ती एका ‘जर’ची. काम रद्द करणारं कर्नलचं फंक्शन उत्तर देतं: काम रांगेतून काढलं तर ‘हो’, आधीच संपलं असेल, किंवा चालू होतं म्हणून संपेपर्यंत थांबावं लागलं, तर ‘नाही’. ‘हो’ आलं तरच पुट. हे उत्तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याने बघितलं नव्हतं, मीही बघितलं नाही. शिवाय काम आधीच रांगेत असताना परत टाकायला गेलं तर रांग ते घेत नाही. तेव्हाही नुकतंच लावलेलं कुलूप लगेच काढायला हवं. तेही राहिलं होतं.

मग साधा आकडा काढून कर्नलचा ‘रेफकाउंट-टी’ हा प्रकार घातला आणि मुद्दाम माझी जुनी चुकीची ओळ परत लावली. स्कॅन नसताना डोंगल उपटल्याबरोबर लॉगमध्ये इशारा: अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री. हा प्रकार २०१७ पासून, ४.११ आवृत्तीत आहे. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, कर्नलच्या की-रिंगमधला एक दोष उघड झाला होता. पुट राहून जायचा, आणि तो लीक मुद्दाम ४२९ कोटींवर वेळा करवला की ३२ बिटांचा आकडा उलटून शून्य व्हायचा. मग मेमरी सुटायची आणि साध्या युजरला रूटचे अधिकार मिळू शकायचे. रेफकाउंट-टी शून्यावर उलटत नाही, वरच अडकून बसतो. लीक झालेला परवडला, हा हिशेब.

चुकणारे फक्त आपल्यासारखेच असतात असंही नाही. ‘पी-५४’ या वायरलेस ड्रायव्हरच्या यूएसबी भागात सिझबॉट या चाचणी-प्रोग्रामला दोष सापडला आणि अ‍ॅलन स्टर्न यांनी तो २०१९ मध्ये दुरुस्त केला. फर्मवेअर लोड होत असतानाच डिव्हाइस काढलं तर सुटलेल्या मेमरीला हात लागायचा. ड्रायव्हरने यूएसबी डिव्हाइसवर कुलूप लावलेलं होतं, पण गरज होती ती इंटरफेसवर लावण्याची. आणि सुरुवातीलाच लावलेलं आणखी एक कुलूप तर फुकटचं होतं, कारण ड्रायव्हर जोडलेला आहे तोवर यूएसबी कोअर ते डिव्हाइस जाऊच देत नाही. स्टर्न यांनी ते काढून टाकलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. कुलूप जास्त लावलं म्हणजे सुरक्षित, असं मी समजत होतो.

डोंगल मात्र काकांनी दुसऱ्याच दिवशी केबल टायने पीसीला करकचून बांधलं. आता ते सहसा सुटत नाही. माझी दुरुस्ती तपासायची असली की मला पक्कड घेऊन तो टाय कापावा लागतो.