उणे १९६ अंशांची राखण

क्रायोनिक्सचा विषय निघाला की चर्चा पहिल्याच वाक्यात शंभर-दोनशे वर्षं पुढे पळते. गोठवून ठेवलेली माणसं उठून बसतील का, उठली तर त्यांना मागचं काही आठवेल का, तेव्हाच्या जगात त्यांचं कोण असेल, असे प्रश्न सुरू होतात आणि थोड्याच वेळात दोन तट पडतात : भारावलेले आणि थट्टा करणारे. आज, या आठवड्यात, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात स्कॉट्सडेलला किंवा मिशिगनमधल्या क्लिंटन टाउनशिपला या संस्थांचे कर्मचारी सकाळी कामावर येऊन करतात तरी काय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते या उद्योगाची पारख तिथूनच सुरू व्हायला हवी. मेलेला माणूस कधीकाळी परत येईल, हा दावा आज कुणालाही सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. पण त्याचा मेंदू कितपत शाबूत जपला गेला आणि तो पुढेही तसाच राहील याची व्यवस्था काय, याचा हिशेब आजच मागता येतो. विज्ञानाला हात घालता येईल असा भाग तेवढाच आहे, आणि तो या संस्थांच्या रोजच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामात दडलेला आहे.

मूळ कल्पना साधी आहे. अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे शिक्षक रॉबर्ट एटिंजर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुस्तकरूपाने मांडली. आजच्या वैद्यकाने हात टेकलेला माणूस उद्याच्या वैद्यकाला कदाचित वाचवता येईल. तोवर त्याचं शरीर अशा थंडीत ठेवायचं की त्यात कसलाच बदल होणार नाही. १२ जानेवारी १९६७ला जेम्स बेडफर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचं शरीर असं गोठवण्यात आलं. त्यांचं शरीर आज ‘अल्कोर’ या संस्थेकडे आहे. सप्तर्षींतल्या वसिष्ठाजवळ दिसणारी आपली अरुंधती म्हणजेच अल्कोर. तिचं नाव घेतलेली ही संस्था १९७२ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि १९९४मध्ये स्कॉट्सडेलला गेली. एटिंजर यांनी स्वतः १९७६मध्ये मिशिगनला ‘क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट’ काढली. २०११मध्ये ते वारले आणि त्याच संस्थेत त्यांचं शरीर ठेवण्यात आलं. या दोन्ही ठिकाणी आज प्रत्येकी दोनशेहून जास्त ‘रुग्ण’ आहेत. संस्था त्यांना रुग्णच म्हणतात.

त्यांना थंड ठेवणारं यंत्र म्हणाल तर यंत्र असं काही नाहीच. मोठ्या थर्मासासारखी दुहेरी भिंतीची, मधली हवा काढून घेतलेली पोलादी टाकी आणि तिच्यात उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रवरूप नायट्रोजन, एवढाच हा मामला. अल्कोरची नेहमीची टाकी सुमारे तीन मीटर उंच असते आणि तिच्यात चार पूर्ण शरीरं मावतात. टाकीला वीज लागत नाही, त्यामुळे शहराचा वीजपुरवठा गेला तरी आतल्यांना फरक पडत नाही. पण नायट्रोजन सतत थोडाथोडा उडून जात असतो आणि तो भरत राहावा लागतो. म्हणून टँकरची वेळ सांभाळणं, प्रत्येक टाकीतली पातळी मोजून नोंदवणं, नळ्या आणि झडपा तपासणं, एखादी टाकी नेहमीपेक्षा जास्त नायट्रोजन पिऊ लागली तर भिंतींमधल्या निर्वाताला गळती लागली का ते शोधणं, ही कामं तिथे सणवार न पाहता चालतात. द्रव नायट्रोजनचा वायू झाला की तो जवळजवळ सातशेपट जागा व्यापतो आणि खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारतो. माणूस गुदमरतो आणि त्याला कळतही नाही. त्यामुळे ऑक्सिजनची पातळी सांगणारे गजर चालू आहेत ना, हे बघणंही आलंच. शरीरं टाकीत डोकं खाली करून ठेवलेली असतात. पातळी घसरलीच तर आधी पाय उघडे पडावेत आणि मेंदू शेवटपर्यंत द्रवात राहावा, एवढा त्यामागचा विचार. या एका मांडणीवरून संस्थेचा अग्रक्रम कळतो आणि तिला कशाची भीती वाटते तेही कळतं.

कामाचा दुसरा मोठा भाग टाकीपासून दूर असतो. सभासद कधी आणि कुठे मरेल हे ठाऊक नसतं, आणि रक्ताभिसरण थांबल्यापासूनचं प्रत्येक मिनिट मेंदूच्या विरोधात जातं. डॉक्टरांनी कायदेशीर मृत्यू जाहीर केल्याशिवाय शरीराला हात लावता येत नाही. जाहीर केल्याबरोबर मात्र बर्फाचं पाणी, छाती दाबून रक्त फिरतं ठेवणारं यंत्र, रक्ताच्या गुठळ्या रोखणारी हेपारिनसारखी औषधं आणि मग रक्ताच्या जागी गोठणरोधक द्रावण, हा सगळा क्रम वेळ न दवडता पार पाडावा लागतो. यासाठी औषधांच्या पेट्या उघडून मुदत संपलेल्या कुप्या बदलायच्या, पंप चालवून पाहायचे, गाडी तयार ठेवायची, सराव करायचा. आजारी सभासदांच्या घरी फोन करून प्रकृती कशी आहे ते विचारायचं. कागदपत्रं पुरी करून घ्यायची, आयुर्विम्याच्या पॉलिसीवर लाभार्थी म्हणून संस्थेचं नाव आहे का ते पाहायचं, कारण बहुतेक सभासद हा खर्च विम्यातूनच भागवतात. इथे हलगर्जी झाली तर पुढची शंभर वर्षं टाकी काठोकाठ भरून ठेवली तरी उपयोग नाही. २०१६मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, तिच्या शरीराचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार तिच्या इच्छेप्रमाणे आईला दिला. मुलीचं शरीर अमेरिकेत नेण्यातही आलं. पण प्रत्यक्ष मृत्यूच्या दिवशी आलेल्या स्वयंसेवकांची तयारी आणि शिस्त पाहून रुग्णालयाने गंभीर नाराजी नोंदवली, आणि ती निकालपत्राबरोबर जगापुढे आली. त्या मुलीच्या इच्छेचा मान न्यायाधीशांनी राखला. उणीव राहिली ती तयारीत.

याहून विदारक उदाहरण या चळवळीच्या आरंभीचंच आहे. कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थ इथल्या एका दफनभूमीतल्या तळघरात क्रायोनिक्स सोसायटी ऑफ कॅलिफोर्नियाने ठेवलेली नऊ शरीरं १९७०च्या दशकात वितळून कुजली. पैसे आटले, नातेवाईकांनी वर्गणी थांबवली, नायट्रोजन भरणं बंद पडलं आणि हे बराच काळ कुणाला सांगितलं गेलं नाही. पुढे खटला झाला आणि संस्थेच्या प्रमुखाविरुद्ध निकाल लागला. क्रायोनिक्स म्हणजे फसवणूक असं म्हणणारे आजही चॅट्सवर्थकडे बोट दाखवतात, आणि त्यांना तो हक्क आहे. मात्र तिथे काय बिघडलं हे नीट पाहिलं पाहिजे. भौतिकशास्त्राने दगा दिला नाही. दर महिन्याच्या पैशांवर अनंत काळाची जबाबदारी पेलायला निघालेली व्यवस्था कोसळली. हा धडा घेऊन नंतरच्या संस्थांनी सगळी रक्कम आधीच घ्यायला सुरुवात केली, आणि अल्कोरने १९९७मध्ये रुग्णांच्या देखभालीचा निधी वेगळ्या न्यासात टाकला, म्हणजे संस्थेच्या रोजच्या खर्चासाठी त्याला हात लागू नये. चॅट्सवर्थच्या उलट उदाहरण बेडफर्ड यांचं. त्यांचं शरीर मधल्या काळात अनेक जागा बदलत गेलं. १९९१मध्ये त्यांना नव्या टाकीत हलवताना तपासलं, तेव्हा सुरुवातीपासूनचं बर्फ न वितळता टिकलेलं दिसलं. नातेवाईकांची आणि काही कर्मचाऱ्यांची चिकाटी होती म्हणून हे झालं; त्यांच्या जागी एखादा आळशी माणूस असता तर झालं नसतं.

नायट्रोजनची राखण ही केवळ क्रायोनिक्सवाल्यांची डोकेदुखी नाही. ४ मार्च २०१८ या एकाच दिवशी अमेरिकेत क्लीव्हलँड आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या दोन वंध्यत्व उपचार केंद्रांत टाक्या बिघडल्या. एकट्या क्लीव्हलँडमध्ये चार हजारांहून जास्त बीजांडं आणि भ्रूण गेले. तिथे तापमान वाढल्याची सूचना बाहेर पोचवणारा गजर बंद होता, आणि आपोआप नायट्रोजन भरण्याची यंत्रणा आधीपासून त्रास देत होती. ही मान्यताप्राप्त, नावाजलेली केंद्रं. तिथे जे एका रात्रीत घडलं ते दशकानुदशकं चालणाऱ्या छोट्या संस्थेत घडणार नाही, याची हमी नुसत्या सदिच्छेने मिळत नाही. ती मिळते वहीत लिहिलेल्या पातळीच्या आकड्यांनी आणि तो आकडा दुसऱ्या कुणीतरी तपासण्याने.

यावर सर्वांत सबळ आक्षेप असा : आत ठेवलेली वस्तूच मोडकी असेल, तर राखण कितीही चोख असून काय उपयोग? हा आक्षेप मी मनापासून मानतो. पेशींमधलं आणि पेशींभोवतालचं पाणी गोठताना त्याचे स्फटिक होतात आणि नाजूक जाळ्या फाटतात. म्हणूनच गेल्या पाव शतकात या संस्था गोठवण्यापेक्षा काचीभवनाकडे वळल्या. दाट गोठणरोधक द्रावण रक्तवाहिन्यांतून शरीरभर पोचलं, तर सुमारे उणे १२३ अंशांखाली ऊतींचं बर्फ न होता काच होते आणि स्फटिक तयारच होत नाहीत. या पद्धतीचा भक्कम पुरावा अवयवांवरच्या कामात आहे. ग्रेगरी फाही आणि सहकाऱ्यांनी उणे १३० अंशांपर्यंत नेलेलं सशाचं मूत्रपिंड परत बसवलं आणि त्या एकाच मूत्रपिंडावर ससा ४८ दिवस जगला. हे काम २००९मध्ये प्रसिद्ध झालं. २०२३मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या चमूने उंदरांची मूत्रपिंडं शंभर दिवसांपर्यंत अशी ठेवून, लोहाच्या अतिसूक्ष्म कणांच्या साहाय्याने सगळीकडे सारखी ऊब देऊन, यशस्वीपणे रोपण केली. २०१५मध्ये एका सूक्ष्म कृमीला शिकवलेली गंधाची आठवण काचीभवनानंतरही टिकल्याचं दिसलं. पण त्या कृमीच्या अंगात ३०२ चेतापेशी असतात आणि माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज. उंदराचं मूत्रपिंड बोटाच्या टोकाएवढं असतं. शिवाय प्रयोगातला अवयव ताजा असतो. क्रायोनिक्सचा रुग्ण बहुतेक वेळा वृद्ध, आजारी आणि रक्तपुरवठा तुटलेला असतो. या पुराव्यातून माणसाकडे जाणारा पूल अजून बांधलेला नाही, हे साफ सांगितलं पाहिजे.

आणि इथेच या संस्थांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग येतो. अल्कोर आपल्या रुग्णांच्या मेंदूचे सीटी स्कॅन काढते. गोठणरोधक द्रावण भरलेला भाग आणि बर्फ झालेला भाग या चित्रात वेगवेगळे ओळखू येतात, म्हणजे द्रावण कुठवर पोचलं आणि कुठे पोचलंच नाही हे डोळ्यांनी दिसतं. काचेच्या अवस्थेखाली तापमान उतरताना मोठ्या अवयवांना तडे जातात. त्यांचा आवाज टिपणारी संवेदकं संस्थेने बसवली आणि तडे जातात हे स्वतःच नोंदवलं. प्रत्येक प्रकरणाचा अहवाल लिहून प्रसिद्ध करण्याची प्रथाही आहे, पण तिथे रखडणूक होते आणि ती खटकते. ज्या दाव्याचं अंतिम उत्तर आपल्या हयातीत मिळणार नाही, तिथे मधल्या पायऱ्यांची मोजमापं हाच एकमेव प्रामाणिकपणा उरतो. किती मिनिटांत शरीर थंड झालं, द्रावणाची दाटी किती गाठली, मेंदूचा कुठला भाग गोठला, हे आकडे वाईट असले तरी छापले गेले, तर क्रायोनिक्स विज्ञानाच्या जवळ सरकतं. लपवले, तर नुसती श्रद्धा उरते.

मृत्यू म्हणजे मृत्यू, त्यानंतरच्या मोजमापांना अर्थ काय, असंही विचारलं जातं. पण महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाला सुमारे १८ अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. मेंदूतला विद्युत व्यवहार शांत होतो आणि तरीही शुद्धीवर आलेल्या माणसाला स्वतःचं नाव, घर, माणसं आठवतात. म्हणजे दीर्घकालीन स्मृती सतत चालणाऱ्या प्रवाहात नसते, मेंदूच्या रचनेत असते. रचना शिल्लक आहे का, हा प्रश्न म्हणून अर्थपूर्ण ठरतो. त्यावरून पुढे पुनर्जीवनाची शक्यता मात्र काढता येत नाही. तेवढी उडी कुणी मारत असेल तर ती अडवलीच पाहिजे. पैशांच्या आक्षेपाचं उत्तर छोटं आहे : मिशिगनमध्ये पूर्ण शरीरासाठी किमान २८ हजार डॉलर लागतात, अल्कोरकडे दोन लाखांच्या वर. स्वतःच्या विम्याचे पैसे सज्ञान माणसाने कशावर खर्चावेत हे ठरवायचा हक्क त्याचा आहे, फक्त त्याला खरी माहिती मिळायला हवी.

ती माहिती देण्याची सक्ती आज कुणी करत नाही, ही माझी खरी तक्रार. मिशिगन राज्य क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटकडे दफनभूमी म्हणून पाहतं. ॲरिझोनात शरीर संशोधनासाठी केलेल्या देहदानाच्या कायद्याखाली येतं. दोन्ही चौकटींत जतनाचा दर्जा तपासायला कुणी येत नाही. गोठवून साठवलेल्या इतर गोष्टींबाबत आपल्या भारतातली स्थिती यापेक्षा बरी आहे. उरुळीकांचनला १९६७मध्ये मणिभाई देसाईंनी स्थापन केलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांमुळे गोठित रेतमात्रांची नत्रपात्रं (द्रव नायट्रोजनची भांडी) आपल्या गावोगावच्या गोठ्यांपर्यंत पोचली, आणि पात्रातला नत्र संपला की मात्रा फुकट गेली हे दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याला माहीत असतं. प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१च्या कायद्याने भ्रूण साठवणाऱ्या बँकांना नोंदणी आणि दहा वर्षांची मुदत घालून दिली. माणसाचं अख्खं शरीर अनिश्चित काळासाठी ताब्यात घेणाऱ्या संस्थेकडून निदान ऊतीपेढीएवढी शिस्त मागितली पाहिजे : बाहेरच्या लेखापरीक्षकाने पाहिलेली नायट्रोजनची नोंदवही, निधीचा ताळेबंद आणि प्रत्येक रुग्णाचा, नाव वगळून, ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध केलेला जतन अहवाल. परदेशातल्या अशा एखाद्या संस्थेचं सभासदत्व घ्यायचा विचार करणाऱ्या वाचकाने सही करण्यापूर्वी या तीन कागदांची मागणी जरूर करावी, आणि ते मिळाले नाहीत तर सही करू नये.