नदीचं मूळ विचारलंच पाहिजे

आपल्याकडे म्हण आहे, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं, मूळ विचारणं हा आमचा धंदाच. तेव्हा आज ऋषींना सोडून देऊ आणि नदीचं तेवढं विचारू.

मुंबईचंच घ्या. शहराला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. ते सात जलाशयांतून येतं: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा. यातला विहार सर्वांत जुना, १८६० सालचा. तुळशी १८७९चा, तानसा १८९२चा. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. विहार आणि तुळशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, तानसाभोवती तानसा अभयारण्य आहे. तलावांचं पाणलोट क्षेत्र राखलं गेलं, म्हणूनही ही रानं टिकली.

जंगल पाण्यासाठी नेमकं काय करतं? कोकणपट्टीतला पाऊस म्हणजे झोडपणं. झाडाची पानं त्याचा मारा अंगावर घेतात. खाली पालापाचोळ्याची गादी असते, ती पाणी धरून ठेवते. मुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीत ते हळूहळू मुरतं, गाळलं जातं आणि झऱ्यांवाटे ओढ्याला मिळतं. हेच डोंगर उघडे केले, की पहिल्या सरीत माती वाहून तलावात येते. पाणी गढूळ होतं, तुरटी जास्त लागते. गाळ बसला, की तलावात मावणारं पाणी कमी होतं. पाण्यात जंतू मातीच्या कणांआड दडतात, मग क्लोरिनचाही पुरता उपयोग होत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगू. जंगल पाणी ‘तयार’ करत नाही. झाडं स्वतः पुष्कळ पाणी पितात आणि हवेत सोडतात. जंगलामुळे तलावात येणारं एकूण पाणी कधीकधी थोडं कमीही भरेल. पण येईल ते निवळ येईल, दमादमानं येईल. आपण पाण्याचा विचार नेहमी ‘किती’ असा करतो. ‘कसं’ आणि ‘केव्हा’ हे प्रश्न जंगल शिकवतं.

न्यूयॉर्क शहराला हे हिशेबानं पटलं. त्यांचं बहुतेक पाणी कॅटस्किल आणि डेलावेअर या डोंगराळ भागांतून येतं. तिथलं पाणी गाळायला प्रचंड प्रकल्प उभारायचा, तर अब्जावधी डॉलर लागणार होते. १९९७ साली शहरानं वरच्या गावांशी करार केला. शहर जमिनी विकत घेईल, पण मालक खुशीनं विकेल तेवढ्याच. शेणमूत ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना पैसे देईल. त्या पाण्याचं निर्जंतुकीकरण होतं, पण गाळण्याचा तो प्रकल्प आजवर टळला आहे.

या करारातली खरी गोष्ट पैशाच्या पलीकडची आहे. वरच्या माणसाला खालच्यानं ‘पक्ष’ मानलं, त्याच्याशी बोलणी केली. आता आपल्या शहापूर तालुक्याकडे पाहा. मुंबईची धरणं पोटात बाळगणारा हा तालुका, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ज्यांनी रान राखायचं, त्यांच्याच घरी हंडा रिकामा. त्यांना आपण कोणत्या तोंडानं सांगणार, की बाबांनो, झाडं तोडू नका?

आणि आपण स्वतः काय करतो? वाढत्या गरजेसाठी गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे. त्यात तानसा अभयारण्यातलंच जंगल बुडणार आहे. पाण्यासाठी पाण्याचा राखणदार बुडवायचा! धरण नकोच, असं आम्ही म्हणत नाही, शहराची तहान खोटी नाही. पण आधी गळक्या जलवाहिन्यांचा हिशेब द्या, वापरलेलं पाणी पुन्हा वापरा, आणि मग उगमाकडे हात पसरा. एवढा क्रम तरी पाळावा की नाही?

आपली परंपरा देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगते. उगमाचंही एक ऋण आहे. ते फेडायचं, तर वरच्या पाड्याला आधी पाणी, राखलेल्या रानाचा रीतसर मोबदला आणि निर्णयाच्या बैठकीत जागा, एवढं तरी द्यावंच लागेल. उद्या सकाळी नळ सोडाल तेव्हा घरातल्या मुलांना विचारा, हे पाणी कुठून आलं? ‘नळातून’ असं उत्तर आलं, तर म्हण बाजूला ठेवा आणि त्यांना नदीचं मूळ सांगा.