डोलकाठी, खिळा आणि नवस

हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ १९५२ साली आली. पु. ल. देशपांड्यांनी ती ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. क्यूबातला म्हातारा सान्तियागो, ८४ दिवस मासा नाही, मग गळाला अवाढव्य मार्लिन, आणि किनाऱ्याला लागेपर्यंत शार्कांनी उरवलेला नुसता सांगाडा. यात येशू ख्रिस्त कुठून आला?

सान्तियागो हे सेंट जेम्सचं स्पॅनिश नाव. हा येशूचा शिष्य मच्छीमार होता. पहिले ४० दिवस पोरगा होडीवर होता, आणि येशूचा उपासही ४० दिवसांचा. खरं सांगू? एवढ्यावर मी तरी सही करणार नाही. आकडे शोधायला गेलं की सापडतातच. पण शार्क दिसतात तेव्हा म्हातारा ‘आय’ असं काहीतरी म्हणतो, आणि निवेदक सांगतो की खिळा हातातून आरपार लाकडात शिरताना माणसाच्या तोंडून असाच आवाज निघेल. हा खिळा समीक्षकांनी आणलेला नाही, तो मजकुरातच आहे. पुढे म्हातारा डोलकाठी खांद्यावर घेऊन चढण चढतो, पडतो, वाटेत पाच वेळा खाली बसतो. घरी पालथा झोपतो तोही हात पसरून, तळवे वर. इतकं ओळीने आल्यावर योगायोग म्हणणं अवघड. हेमिंग्वेने मात्र एका पत्रात लिहून टाकलं होतं की प्रतीकं वगैरे काही नाहीत, समुद्र म्हणजे समुद्र! लेखकाचं म्हणणं हाही एक पुरावाच; निकाल नव्हे.

आता हीच गोष्ट रत्नागिरीत बसून वाचा. मिरकरवाडा बंदरावर खांद्यावर काठी घेतलेला माणूस दिसला तर आपल्याला क्रूस आठवत नाही, दमून घरी चाललेला खलाशी दिसतो. पण एक जागा समजावून सांगावी लागत नाही. आपण काही धार्मिक नाही म्हणणारा म्हातारा कबूल करतो, मासा मिळाला तर कोब्रेच्या मेरीमातेच्या यात्रेला जाईन. हा तर सरळ नवस! (हेमिंग्वेने स्वतःचं नोबेल पदक याच देवस्थानाला दिलं.)

आणि मराठी नाव बघा. कोळी म्हणजे मच्छीमार, तसा जाळं विणणाराही. शिवाय हे शब्द ऐकले की जुन्या पाठ्यपुस्तकातला, पडून पुन्हा चढणारा कोळी आठवतो. खिळ्याच्या वाक्यापर्यंत पोचण्याआधीच मराठी वाचकाच्या मनात तो जाळं विणायला बसलेला असतो.