उत्तरायुष्यातील नैराश्य आणि लैंगिक संप्रेरके : एक वैद्यक-सामाजिक विवेचन

प्रस्तावना :

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी भाषकांच्या तोंडी इतकी रुळलेली आहे, की साठीनंतर माणसाच्या स्वभावात, झोपेत, उत्साहात जे बदल होतात ते सारे 'वयाचे' म्हणून स्वीकारण्याची सवय आपल्या समाजास जडली आहे. आजी हल्ली कोणाशी बोलत नाहीत, आजोबा फिरायला जाईनासे झाले आहेत, जेवणावरची वासना उडाली आहे, पहाटे तीनलाच जाग येते. या तक्रारींवर घरातील मंडळी 'आता वय झाले' एवढेच उत्तर देतात आणि पुष्कळदा डॉक्टरही तेच देतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली. 'लासी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीत साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. मात्र आपल्याला नैराश्य असल्याचे निदान पूर्वी झाले आहे, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण एक टक्काही नव्हते. म्हणजे दहा आजाऱ्यांपैकी सुमारे नऊ जणांना आपण आजारी आहोत हेच कोणी सांगितलेले नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होत्या. निवृत्तांचे शहर म्हणून पूर्वापार ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. अलीकडे 'वय झाले' या उत्तराची जागा 'हार्मोन्स कमी झाले' हे उत्तर घेऊ लागले आहे. ते अधिक शास्त्रीय भासते. परंतु त्यात तथ्य किती, हे तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

एका जुन्या कल्पनेचा प्रवास :

उतारवयातील उदासीनतेचा संबंध जननग्रंथींशी जोडण्याची कल्पना नवी नाही. १८८९ मध्ये पॅरिस येथे ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि आपले गेलेले बळ परत आल्याचे जाहीर केले. अर्कात परिणामकारक असे काहीच नसावे, हे आज आपण जाणतो. लाभ झाला तो श्रद्धेचा. १९२९ मध्ये इस्ट्रोन व १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती आल्यावर या कल्पनेस रसायनशास्त्राचा आधार मिळाला. दरम्यान मनोविकारशास्त्रात क्रेपेलिन यांच्या काळापासून रजोनिवृत्तीच्या सुमारास जडणाऱ्या नैराश्यास एक स्वतंत्र आजार मानले जात असे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० च्या वर्गीकरणातून तो वगळला, कारण लक्षणांच्या दृष्टीने तो इतर नैराश्याहून वेगळा आहे असे दाखवता आले नाही. पुढे दोनच दशकांत संशोधन पुन्हा त्याच वयोगटाकडे वळले, हा इतिहासातील एक गमतीदार योगायोग म्हणावा लागेल.

संप्रेरके आणि मेंदू :

लैंगिक संप्रेरकांचे कार्य प्रजननापुरते मर्यादित असते, हा समज चुकीचा आहे. स्मृती आणि भावना यांच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांत, विशेषतः हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला व हायपोथॅलॅमस येथे, इस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरॉन यांना प्रतिसाद देणारे ग्राहक असतात. एस्ट्रॅडायॉल हे इस्ट्रोजेनचे प्रमुख रूप सेरोटोनिनच्या निर्मितीस साहाय्य करते व त्याच्या विघटनास आळा घालते. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत तयार होणारे ॲलोप्रेग्नॅनोलोन हे द्रव्य चेतापेशींना शांत करणाऱ्या 'गाबा' ग्राहकांवर कार्य करते. टेस्टोस्टेरॉनचा काही अंश मेंदूत एस्ट्रॅडायॉलमध्येच रूपांतरित होतो; तेव्हा 'पुरुषी' आणि 'स्त्रैण' संप्रेरक ही विभागणी मेंदूच्या पातळीवर फारशी टिकत नाही.

याचा एक अनपेक्षित परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. साठी उलटलेल्या पुरुषाच्या रक्तातील एस्ट्रॅडायॉल त्याच वयाच्या स्त्रीच्या रक्तातील एस्ट्रॅडायॉलपेक्षा सामान्यतः अधिक असते. स्त्रीची अंडाशये थांबलेली असतात, पुरुषाचे वृषण मंद गतीने का होईना चालू असतात. संप्रेरकाची केवळ कमतरता हेच नैराश्याचे कारण असते, तर पाळी गेलेल्या सर्वच स्त्रिया आयुष्यभर खिन्न राहिल्या असत्या. तसे होत नाही.

स्त्रिया : उणीव की चढउतार?

बोस्टन परिसरातील एका दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी कधीही नैराश्य न आलेल्या ज्या स्त्रिया रजोनिवृत्तीच्या संक्रमणकाळात प्रविष्ट झाल्या, त्यांच्यात नैराश्याच्या लक्षणांचा धोका त्या काळात अद्याप न शिरलेल्या स्त्रियांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट आढळला. धोका वाढतो तो पाळी अनियमित होण्याच्या काही वर्षांत. ती पूर्णपणे बंद होऊन काही वर्षे लोटल्यावर तो पुन्हा ओसरतो. संक्रमणकाळात एस्ट्रॅडायॉल एका सरळ रेषेत उतरत नाही. ते कधी एकदम वाढते, कधी कोसळते. हे हेलकावे काहींच्या मेंदूस सोसत नाहीत.

'काहींच्या' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. पूर्वी रजोनिवृत्तीच्या काळात नैराश्य आलेल्या स्त्रियांना एस्ट्रॅडायॉल देऊन नंतर त्यांच्या नकळत ते थांबवले असता लक्षणे परतली; असे नैराश्य कधीच न आलेल्या स्त्रियांत मात्र तीच घट होऊनही मनःस्थिती ढळली नाही. संप्रेरकाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच खाली आले होते.

उपचारांचा इतिहास हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत संक्रमणकाळातील नैराश्यग्रस्त स्त्रियांना एस्ट्रॅडायॉलची त्वचेवर लावावयाची पट्टी दिली असता ६८ टक्के स्त्रियांचे नैराश्य दूर झाले; निष्क्रिय पट्टी लावलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होते. २००४ मध्ये तसाच उपचार पाळी जाऊन बराच काळ लोटलेल्या वृद्ध स्त्रियांवर करून पाहण्यात आला. तेथे त्याचा विशेष लाभ आढळला नाही. औषध तेच, आजाराचे नावही तेच; फरक केवळ आयुष्यातील वेळेचा होता. सत्तरीच्या आजींना 'हार्मोनची गोळी दिली की मन फुलेल' असे सांगणाऱ्यांनी या दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

२००२ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीचा एक भाग स्तनकर्करोग व हृदयविकाराच्या वाढत्या धोक्यामुळे मुदतीपूर्वी थांबवण्यात आला आणि जगभर या उपचाराविषयी भीती पसरली. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवरील ठळक इशाऱ्यांपैकी बरेचसे काढण्याचा निर्णय जाहीर केला. मात्र हा निर्णय नैराश्यावरील उपचाराविषयी नव्हे, याचे भान राहणे अगत्याचे आहे.

बीडच्या स्त्रिया :

वरील सारे अभ्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीचे आहेत. महाराष्ट्रात मात्र एका मोठ्या स्त्रीवर्गाची रजोनिवृत्ती निसर्गाने ठरवलेली नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते.

गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर एस्ट्रॅडायॉल काही दिवसांतच कोसळते आणि टेस्टोस्टेरॉनही बरेच घटते. नैसर्गिक क्रमाने जे काही वर्षांत घडावयाचे ते आठवड्यात घडते. अंडाशये राखली तरी रजोनिवृत्ती अपेक्षेपेक्षा लवकर येण्याचा संभव असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००८ मध्ये असे दाखवले, की रजोनिवृत्तीपूर्वी दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रियांत पुढील आयुष्यात नैराश्य व चिंता यांच्या लक्षणांचा धोका वाढतो. अशा तरुण स्त्रियांना नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके पुरवावीत, हे वैद्यकातील मान्य तत्त्व आहे. कोयता हाती घेऊन सहा सहा महिने घराबाहेर राहणाऱ्या, पाळीचे चार दिवस कामात खाडा नको म्हणून शस्त्रक्रियेस तयार झालेल्या स्त्रीपर्यंत हे तत्त्व कोणी पोहोचवले, हा प्रश्न वैद्यकाइतकाच समाजशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या अध्यापकांनीही विचारावा असा आहे. या स्त्रिया आज ना उद्या साठीच्या होतील. त्यांच्या खिन्नतेसही 'वय झाले' असेच म्हटले जाण्याची शक्यता अधिक.

पुरुष : संथ उतार :

पुरुषांत रजोनिवृत्तीसारखी निश्चित घटना नसते. टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटत जाते. शिवाय वयाबरोबर त्यास रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन वाढत असल्याने 'मुक्त' टेस्टोस्टेरॉन अधिक वेगाने कमी होते. पर्थ येथील ७१ ते ८९ वयाच्या ३,९८७ पुरुषांच्या अभ्यासात (२००८) मुक्त टेस्टोस्टेरॉन कमी असणाऱ्यांत नैराश्य अधिक आढळले. तथापि यातून कारण व परिणाम यांचा उलगडा होत नाही. नैराश्य, लठ्ठपणा, मधुमेह, अपुरी झोप या सर्वांमुळे टेस्टोस्टेरॉन स्वतःच घटते.

'पुरुषांची रजोनिवृत्ती' अशा आकर्षक शब्दांत ज्याची जाहिरात होते, तो विकार प्रत्यक्षात किती आढळतो? युरोपातील आठ केंद्रांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार काटेकोर निकष लावता हे प्रमाण २.१ टक्के भरले. आणि टेस्टोस्टेरॉनशी स्पष्ट संबंध दिसला तो लैंगिक लक्षणांचा, उदासीनतेचा नव्हे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत ६५ वर्षांवरील, टेस्टोस्टेरॉन निश्चितपणे कमी असलेल्या ७९० पुरुषांना वर्षभर ते दिले असता लैंगिक क्षमतेत मध्यम सुधारणा झाली. मनःस्थितीतील सुधारणा अल्प होती. २०२३ मधील पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात यांचा धोका वाढलेला दिसला नाही. मात्र हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसातील रक्ताची गुठळी यांचे प्रमाण टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत अधिक आढळले. थोड्याशा प्रसन्नतेसाठी ही किंमत मोजावी का, याचे उत्तर प्रत्येक रुग्णागणिक बदलेल.

पुरुषांतही अचानक घट होण्याचा एक प्रसंग आहे. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नाहीसे करणारी औषधे दिली जातात. ६५ वर्षांवरील ७८ हजारांहून अधिक अमेरिकन रुग्णांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये असे दिसले, की हा उपचार घेणाऱ्यांपैकी ७.१ टक्के रुग्णांत तीन वर्षांत नैराश्याचे निदान झाले; न घेणाऱ्यांत हे प्रमाण ५.२ टक्के होते. फरक प्रचंड नाही, पण तो आहे. अशा रुग्णाच्या पत्नीस व मुलांस हे आधी सांगितले, तर 'बाबा एवढेसे कारण होऊन का रडतात' हे कोडे त्यांना पडणार नाही.

पुण्याच्या रुग्णाचे वेगळेपण :

पाश्चात्त्य आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातील ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ताची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. थकवा, निरुत्साह, विसराळूपणा, खिन्नता ही ब-१२ च्या कमतरतेची लक्षणे आणि 'टेस्टोस्टेरॉन कमी' झाल्याची म्हणून सांगितली जाणारी लक्षणे यांत सामान्य माणसास फरक करता येणार नाही.

त्यात मधुमेहाची भर पडते. भारतीय शरीर वरून सडपातळ व आतून मेदयुक्त असते, हेही याज्ञिक यांनीच प्रकाशात आणले. पोटातील चरबी व मधुमेह टेस्टोस्टेरॉन घटवतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ आणखी घटते. आणि मधुमेह स्वतः नैराश्याचा धोका वाढवतो. सदाशिव पेठेतील शाकाहारी, मधुमेही, निवृत्त गृहस्थाच्या उदासीनतेस एकच कारण शोधू पाहणे म्हणूनच फसवे ठरते.

शिवाय एकटेपणा हा रक्ताच्या चाचणीत दिसत नाही. मुले परदेशी, जोडीदार गेलेला, तीन खोल्यांच्या सदनिकेत एक माणूस, हे चित्र पुण्यात नवे नाही. २०१२ मध्ये माधव दामले यांनी येथे ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. उत्तरायुष्यातील सहवासाची व स्पर्शाची गरज उघडपणे मान्य करणारा तो उपक्रम होता. ही गरज संप्रेरकांसोबत संपत नाही.

निदानाविषयी काही :

उतारवयातील नैराश्यात प्रथम थायरॉइड, ब-१२, रक्तशर्करा व हिमोग्लोबिन यांची तपासणी आणि चालू औषधांची छाननी व्हावी. रजोनिवृत्त स्त्रीत एस्ट्रॅडायॉल मोजण्याचा सहसा उपयोग नसतो. ते कमी असणारच. संक्रमणकाळात ते आज एक, आठवड्याने दुसरेच दिसते. तेथे पाळीचा व पूर्वीच्या प्रसूतिपश्चात नैराश्याचा इतिहास अधिक बोलका असतो. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन पहाटे सर्वाधिक असते व दिवसभरात उतरते. म्हणून ते सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजावे लागते. दुपारच्या आरोग्य शिबिरातील एका आकड्यावरून इंजेक्शन सुरू करणे अशास्त्रीय होय. मध्यम वा तीव्र नैराश्यात संप्रेरकांच्या अहवालाची वाट पाहत मानसोपचार लांबवू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतूनही उत्तर देतो आणि त्यासाठी घराबाहेर पडावे लागत नाही. घराबाहेर पडण्याचेच बळ ज्याचे सरले आहे, त्याच्यासाठी हा क्रमांक शेजाऱ्याने लावला तरी चालतो.