बदलीवर जाणाऱ्या सैनिकांची कुटुंबे आणि त्यांची वाहने : नोंदणी व अनुज्ञप्तीविषयीचे नियम

सैन्यातील नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. आज बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात असलेला जवान उद्या राजस्थानच्या सीमेवर असेल, वास्कोच्या नौदल तळावरील अधिकाऱ्यास दोन वर्षांनी विशाखापट्टणमची वाट धरावी लागेल. महू, ग्वाल्हेर, वडोदरा, सिकंदराबाद येथील छावण्यांतूनही अशी ये-जा बारमाही चालू असते. बदलीचा हुकूम हाती आला की बिछाना, भांडीकुंडी आणि मुलांचे शाळेचे दाखले यांची तजवीज होते. घरातील स्कूटर अथवा मोटार मात्र पुष्कळदा तशीच रेल्वेत चढविली जाते आणि तिच्या कागदपत्रांची आठवण पुढे कधीतरी, रस्त्यावर पोलिसाने गाडी थांबविली म्हणजे होते. सैनिकांच्या कुटुंबीयांस, तसेच गावोगावी त्यांना अर्ज लिहून देणाऱ्या शिक्षकांस व ग्रामपंचायतीच्या सेवकांस उपयोगी पडावी म्हणून यासंबंधीची माहिती येथे एकत्र दिली आहे.

कायदा एक, कर निरनिराळे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा संपूर्ण देशास लागू असलेला केंद्रीय कायदा असून तो दिनांक १ जुलै १९८९ पासून अमलात आला. एका राज्यात रीतसर नोंदलेले वाहन भारतात कोठेही चालविता येते आणि एका राज्यात मिळालेली अनुज्ञप्ती, म्हणजे ज्यास आपण लायसन्स म्हणतो ते, सर्व भारतभर चालते. मग बदली होताच अडचण का उद्भवते, असा प्रश्न साहजिकच पडेल.

याचे उत्तर राज्यघटनेत आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत यंत्रचलित वाहने हा विषय समवर्ती सूचीत असला, तरी वाहनांवरील कर हा राज्यसूचीतील विषय आहे. प्रत्येक राज्याचा करविषयक कायदा वेगळा, दर वेगळा. खाजगी मोटारीचा कर बहुतेक राज्ये खरेदीच्या वेळीच अनेक वर्षांकरिता एकदम वसूल करून घेतात. गाडी दुसऱ्या राज्यात कायम वापरात आली की तेथील रस्त्यांच्या वापराबद्दल ते राज्य कर मागते आणि पहिल्या राज्यात अगोदर भरलेल्या रकमेचा हिशेब शिल्लक राहतो. बदलीवरील कुटुंबांची बहुतेक गाऱ्हाणी या एका गोष्टीतून निघतात.

सैन्याची गाडी व सैनिकाची गाडी

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. संरक्षणाच्या सरकारी कामाकरिता वापरली जाणारी केंद्र सरकारच्या मालकीची वाहने अधिनियमाच्या कलम ६० अन्वये स्वतंत्रपणे नोंदली जातात. बाणाचे चिन्ह असलेले त्यांचे क्रमांक आपण पाहतोच. ही सवलत सरकारी वाहनापुरती आहे. सैनिकाने स्वतःच्या पैशाने घेतलेली मोटारसायकल ही कायद्याच्या दृष्टीने इतर नागरिकांच्या वाहनासारखीच खाजगी होय. तिला राज्याच्या वाहतूक कार्यालयाची नोंदणी, विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र ही सर्व लागतात. क्रमांकपट्टीवर नोंदणी क्रमांकाखेरीज पदाचे किंवा पलटणीचे नाव लिहिणेही नियमास धरून नाही.

अनुज्ञप्तीच्या बाबतीतही हाच भेद आहे. कलम १८ खाली सैन्यातील चालकास जी अनुज्ञप्ती मिळते, ती केवळ संरक्षणाच्या कामाची सरकारी वाहने चालविण्यापुरती असते. ज्याने दहा वर्षे लष्करी ट्रक डोंगरवाटांनी हाकला, त्यासही रजेवर गावी आल्यावर भावाची मोटार चालवावयाची झाल्यास वाहतूक कार्यालयाची साधी अनुज्ञप्ती जवळ असावी लागते. एरवी एका व्यक्तीस एकाच वेळी दोन अनुज्ञप्त्या बाळगता येत नाहीत. तथापि लष्करी अनुज्ञप्तीस कलम ६ मध्ये अपवाद केलेला असल्याने सैनिकाने दोन्ही बाळगण्यास प्रत्यवाय नाही.

बारा महिन्यांची मुदत

एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले गेल्यास, कलम ४७ प्रमाणे मालकाने तेथील नोंदणी प्राधिकाऱ्याकडून नवा क्रमांक घेतला पाहिजे. हा अर्ज नमुना २७ मध्ये, बारा महिने संपल्यापासून तीस दिवसांच्या आत करावयाचा असतो. बारा महिन्यांच्या आतच पुन्हा बदली होऊन गाडी तिसऱ्या राज्यात गेली, तर मधल्या राज्यात नवा क्रमांक घेण्याचे कारण उरत नाही. मात्र ही मुदत क्रमांकाची आहे, कराची नव्हे. कर केव्हापासून देय होतो हे त्या त्या राज्याचा करविषयक कायदा ठरवितो आणि तो बारा महिन्यांपूर्वीही देय होऊ शकतो. म्हणून नव्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिल्या महिन्यातच स्थानिक वाहतूक कार्यालयात चौकशी करावी.

गाडी राज्यात कोणत्या तारखेस आली, हा वादाचा मुद्दा ठरू शकतो. मालक म्हणतो सहा महिने झाले, तपासनीसास दीड वर्ष झाल्याचा संशय येतो. अशा वेळी रेल्वेने गाडी पाठविल्याची पावती, पथकराच्या पावत्या, बदलीच्या हुकुमाची प्रत आणि नव्या पलटणीत रुजू झाल्याचा दाखला हे कागद उपयोगी पडतात. ते फेकून न देता नोंदणी प्रमाणपत्राच्या पाकिटातच ठेवावेत.

राज्य तेच पण पत्ता बदलला, असे झाल्यास नवा क्रमांक लागत नाही. नवा पत्ता तीस दिवसांच्या आत नमुना ३३ मध्ये नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविला म्हणजे पुरे होते.

ना-हरकत प्रमाणपत्र

दुसऱ्या राज्यात नवा क्रमांक घेण्यापूर्वी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये करावयाचा असतो. वाहनावर कर अथवा दंड थकलेला नाही आणि ते चोरीच्या अथवा अन्य गुन्ह्याच्या तपासात गुंतलेले नाही, याची खात्री करून कार्यालय हे प्रमाणपत्र देते. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत ते द्यावे किंवा नाकारावयाचे असल्यास कारण लेखी कळवावे, असे कलम ४८ सांगते. या मुदतीत काहीच न कळविल्यास ते दिले गेले असे मानण्याची तरतूद आहे. यासाठी अर्जाची पोच घेण्यास कधीही विसरू नये.

वाहन कर्जाने घेतलेले असल्यास बँकेचे अथवा वित्तसंस्थेचे संमतिपत्रही लागते. बदलीचा हुकूम निघाल्यावर हाताशी दिवस थोडे असतात. म्हणून या दोन्ही कागदांची मागणी सामान बांधण्यापूर्वीच करावी. नवीन गावी गेल्यावर हजार मैलांवरील कार्यालयाशी पत्रव्यवहार करीत बसणे किती जिकिरीचे होते, हे अनुभवी कुटुंबांस सांगावयास नको. अलीकडे यातील बरीच कामे परिवहन खात्याच्या संगणकीय संकेतस्थळावरून घरबसल्या सुरू करता येतात.

नव्या राज्यात नोंदणी होऊन कर भरला गेल्यावर, पूर्वीच्या राज्यात न वापरलेल्या काळाचा कर परत मागता येतो. त्याची पद्धत प्रत्येक राज्याच्या कायद्यात दिलेली असते. हा अर्ज करावयाचा राहून गेल्याने हक्काची रक्कम सोडून देणारी कुटुंबे थोडी नाहीत. नवा क्रमांक मिळताच विमा कंपनीस कळवून विमापत्रातही तो दुरुस्त करून घ्यावा.

भारत मालिका

ही यातायात कमी व्हावी म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली वाहन क्रमांकाची 'भारत' मालिका सुरू केली. तिची अधिसूचना ऑगस्टमध्ये निघाली आणि १५ सप्टेंबर २०२१ पासून ती अमलात आली. या मालिकेत राज्याच्या अक्षरांऐवजी नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, त्यापुढे बी व एच ही रोमन अक्षरे, मग चार अंकी क्रमांक व शेवटी अक्षरे अशी रचना असते. हा क्रमांक असलेले खाजगी वाहन एका राज्यातून दुसऱ्यात नेल्यास नवा क्रमांक घ्यावा लागत नाही.

संरक्षण दलांतील व्यक्ती, केंद्र व राज्य सरकारांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी संस्थांतील नोकर हे या मालिकेस पात्र आहेत. सैनिकास आपल्या सेवेच्या ओळखपत्राच्या आधारे अर्ज करता येतो. वाहन पात्र व्यक्तीच्या स्वतःच्या नावावर असावे लागते. स्कूटर पत्नीच्या अथवा वडिलांच्या नावे असून तेही स्वतः पात्र नसतील, तर ही सोय मिळणार नाही. खरेदीच्या वेळीच याचा विचार करावा. पूर्वी साध्या क्रमांकाखाली नोंदलेले वाहनही या मालिकेत आणण्याची मुभा डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने देण्यात आली.

या मालिकेत कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीतील वर्षांचा भरावयाचा असतो. बीजकातील किंमत दहा लाखांपर्यंत असल्यास आठ, दहा ते वीस लाखांपर्यंत दहा आणि त्यावर बारा शेकडा असा दर ठेवला आहे. डिझेलच्या वाहनास दोन शेकडा अधिक व विजेवरील वाहनास दोन शेकडा कमी असा फरक आहे. दोन वर्षांची नेमकी रक्कम नोंदणीच्या वेळी कार्यालयाकडून समजते. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर कर दरसाल, पूर्वीच्या निम्म्या रकमेने घेतला जातो. सोय आहे तशी जबाबदारीही आहे. दोन वर्षांची मुदत लक्षात ठेवून कर भरला नाही तर दंड वाढत जातो. असे वाहन पात्र नसलेल्या व्यक्तीस विकल्यास खरेदीदारास आपल्या राज्याचा क्रमांक व कर घ्यावा लागतो.

जाण्यापूर्वी गाडी विकल्यास

बदलीच्या घाईत जुनी स्कूटर शेजाऱ्यास विकून, पैसे घेऊन व कोऱ्या नमुन्यावर सही देऊन निघून जाण्याची चाल फार धोक्याची आहे. विक्रीची सूचना विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्री असल्यास चौदा दिवसांत आणि परराज्यात असल्यास पंचेचाळीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव, तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. विकलेल्या गाडीने पुढे कोणास इजा झाली व तिचा विमा नसला, तर नुकसानभरपाईचा बोजा सीमेवर असलेल्या सैनिकाच्या कुटुंबावर येऊन पडेल.

घरच्या मंडळींच्या अनुज्ञप्त्या

जवान दूर असताना बाजार, दवाखाना, मुलांची शाळा ही सर्व कामे घरच्या बाईवर पडतात. तिच्याजवळ स्वतःची वैध अनुज्ञप्ती असणे ही चैनीची गोष्ट नव्हे. शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने चालते व मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर चाचणी देता येते. बदली तोंडावर आली असल्यास निघण्यापूर्वीच चाचणी आटोपून घेणे श्रेयस्कर, अन्यथा सहा महिन्यांची मुदत प्रवासात व घर लावण्यात निघून जाते.

वयाच्या तिसाव्या वर्षापूर्वी मिळालेली खाजगी वाहनाची अनुज्ञप्ती चाळीस वर्षे पूर्ण होईपर्यंत आणि तीस ते पन्नास वयात मिळालेली दहा वर्षे चालते. तिचे नूतनीकरण मुदतीपूर्वी एक वर्ष ते मुदतीनंतर एक वर्ष एवढ्या अवधीत करता येते. त्याहून अधिक उशीर झाल्यास पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशी उलटलेल्यांनी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. नूतनीकरणासाठी मूळ गावीच जावे लागते, ही समजूत चुकीची आहे. कलम १५ प्रमाणे कोणताही अनुज्ञप्ती प्राधिकारी ते करू शकतो व मूळ कार्यालयास तसे कळवितो. नव्या राज्यात जुनी अनुज्ञप्ती लपवून दुसरी काढणे मात्र बेकायदेशीर आहे.

अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मुलांच्या हाती गिअरची मोटारसायकल देऊ नये. अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने ठरविली आहे.

दुःखद प्रसंगी

लिहिताना मन कचरते, तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. वाहनमालकाचे निधन झाल्यास, ज्याच्या ताब्यात ते वाहन येईल त्याने तीस दिवसांच्या आत मृत्यूची व वाहन वापरण्याच्या इच्छेची सूचना नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावी. म्हणजे तीन महिने ते वाहन वापरता येते. त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये मालकी आपल्या नावे करण्याचा अर्ज करावयाचा असतो. शोकात बुडालेल्या घरास या मुदतींचे भान राहणे कठीण. यासाठी नोंदणी प्रमाणपत्रात वारसनिर्देश, म्हणजे नामनिर्देशन, करून ठेवण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. प्रत्येक सैनिकाने रजेवर आल्यावर हे काम अगत्याने करावे. गावातील शिक्षकांनी व पंचायत सेवकांनीही अशा घरी आपण होऊन जाऊन अर्ज भरून द्यावा. त्या घरास तेवढा मोठा आधार होईल.

सारांश, बदलीचा हुकूम येताच ना-हरकत प्रमाणपत्र, बँकेची संमती, विमा, अनुज्ञप्तीची मुदत व नामनिर्देशन या पाच गोष्टी तपासून पाहाव्यात. कागदांच्या प्रती सरकारमान्य डिजिटल पेटीतही ठेवता येतात व त्या मूळ कागदांप्रमाणेच ग्राह्य धरल्या जातात. आमच्या कार्यालयांतील सेवकांनीही सैनिकाच्या घरातील व्यक्ती खिडकीशी आली असता, तिचा माणूस दूर आहे हे ध्यानी घेऊन, तिला एकाच फेरीत पूर्ण माहिती द्यावी, ही विनंती.