गंजाची ओळख

गव्हाच्या पानावर तांबूस ठिपके दिसू लागले, की शेतकरी सावध होतो. तो तांबेरा असतो. लोखंडी पत्र्यावर उमटणारा गंजही रंगाने तसाच असतो. तांबेरा हा बुरशीमुळे होणारा रोग होय. गंज मात्र लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगाने तयार होतो. तथापि दोहोंचा प्रारंभ लहानशा ठिपक्याने होतो, आणि तो ठिपका वेळीच ओळखण्यात शहाणपण असते.

अँबॅसडर मोटारींचे उत्पादन २०१४ साली थांबले; प्रीमिअर पद्मिनीचे त्याही आधी. अशा जुन्या मोटारी कित्येक घरांत अजून हौसेने जपल्या जातात. त्यांचा पत्रा पोलादी असतो आणि रंग हेच त्याचे पावसाळी पांघरूण असते. त्याला एखादा ओरखडा पडला, की ओलावा आत शिरतो. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जत-आटपाडीकडे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून घाटमाथ्यावरच्या गाडीला अधिक जपावे लागते.

गंज बहुधा आतून बाहेर येतो. चिखल साचणाऱ्या चाकांवरील कमानी, दारांचा तळ, पायांखालच्या रबरी चटईखालचा पत्रा, बॅटरीची बैठक आणि डिकीतील स्टेपनीची जागा ही त्याची आवडती घरे होत. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली, की पाणी आतच साचून राहते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे वरचा रंग उचलला जाऊन बारीक फोड येतात. हे फोड म्हणजे गंजाची पहिली सूचना होय.

जाणता कारागीर केवळ डोळ्यांवर विसंबत नाही. तो बोटांच्या पेरांनी पत्रा हलकेच वाजवून पाहतो. चांगल्या पत्र्याचा आवाज स्पष्ट येतो. पोखरलेल्या किंवा लांबी भरलेल्या जागी तो बद्द येतो. मग तो पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवतो. लांबीचा थर जाड असेल, तेथे चुंबक नीट चिकटत नाही. वरून आरशासारखी चकाकणारी गाडीही अशी आपले गुपित सांगून टाकते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. शहरातील अनेक वाहने त्या पुरात बुडाली. अशी गाडी बाहेरून धुतली, तरी पोकळ जागांतील ओला गाळ तसाच राहतो, आणि त्याच्या आड गंज पसरत जातो. तो जर ब्रेकच्या नळीपर्यंत किंवा आसन जखडलेल्या तळपत्र्यापर्यंत पोहोचला, तर प्रश्न गाडीच्या शोभेचा राहत नाही. आत बसलेल्यांच्या जिवाचा होतो.

यावर उपाय साधा आहे. गाळ काढावा, पत्रा कोरडा करावा, गंज खरवडून स्वच्छ लोखंड दिसू द्यावे, आणि मगच गंजरोधक लेप व रंग द्यावा. पत्रा पोखरला असेल, तर तेवढा भाग कापून नवा जोडावा. गंजावरच रंग चढवला, तर काही काळ गाडी नवी दिसते. पण आतला गंज आपले काम थांबवत नाही. दोष झाकल्याने जात नाही. तो उघडा करून दूर करावा लागतो.